घरची अवजारं – ६ : बारा फुटांच्या छताला सोळा फुटी शिडी

गेल्या आठवड्यात छतावरच्या पाण्याच्या टाकीबद्दल लिहिलं. त्या टाकीपर्यंत जायचं कसं, हा आजचा विषय. धाराशिव जिल्ह्यात हा प्रश्न पूर्वी एवढा नडत नव्हता. जुन्या वाड्यांत भिंतीच्या जाडीतच दगडी जिना असायचा आणि माळवदावर जाणं रोजचंच होतं. पावसाळ्याआधी पांढरी माती पसरायची, उगवलेलं गवत उपटायचं, उन्हाळ्यात कुरडया-शेवया वाळत घालायच्या, रात्री तिथंच अंथरूण टाकायचं. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात उमरगा-लोहारा भागातली माती-दगडाची घरं कोसळली आणि जड माळवदांखाली माणसं गाडली गेली. त्यानंतर लोकांचा भरवसा माळवदावरून उठला आणि स्लॅबवर, पत्र्यावर बसला. घर स्लॅबचं झालं, पण ‘वरचा मजला काढू तेव्हा बघू’ म्हणत जिना अनेक घरांत राहूनच गेला. वरची कामं मात्र वाढत गेली. टाकी आली, डिश आली. फेब्रुवारी २०२४ मध्ये पीएम सूर्यघर योजना सुरू झाली, तीन किलोवॅटला ७८ हजार रुपये अनुदान मिळू लागलं, आणि धूळ पुसावी लागणारी सौर पॅनेलंही छतावर चढली. या सगळ्याचा भार भिंतीला टेकवलेल्या एका निसणीवर आहे.

ही निसणी घेताना बहुतेक जण एकच माप घेतात, ते म्हणजे छताच्या उंचीचं. जोतं दोन फूट, त्यावर खोली दहा फूट, म्हणजे अंगणापासून स्लॅबची कड बारा फुटांवर. तेव्हा बारा फुटी शिडी पुरेल. हिशेब सरळ दिसतो आणि तिथंच चुकतो. शिडी तिरपी लागते. बारा फुटांच्या कडेला टेकायचं, तर तिचा पाय भिंतीपासून तीन फूट लांब हवा. चार फूट उंचीला एक फूट अंतर हे प्रमाण जगभर पाळलं जातं. त्या तिरपेपणात बारा फुटी शिडी कडेच्या चार इंच खालीच संपते. मग माणूस काय करतो? पाय भिंतीकडे सरकवतो, शिडी जवळजवळ उभी होते, टोक कसंबसं कडेला येतं. चढताना शेवटच्या पायरीवर हाताला धरायला काही उरत नाही. स्लॅबवर तळवे टेकून, गुडघा वर घालून अंग ओढून घ्यावं लागतं. उतरताना तर आणखी अवघड: पाठ अंगणाकडे, पोट स्लॅबच्या कडेवर, आणि एक पाय हवेत पायरी चाचपत असतो. त्या चाचपडण्यात शिडीला बाजूने लागलेला एक धक्का पुरतो. म्हणून शिडी कडेच्या वर निदान तीन फूट निघाली पाहिजे. त्या वरच्या पायऱ्या चढण्यासाठी नाहीत, हाताने धरण्यासाठी आहेत. तिरपेपणाचे साडेबारा आणि वरचे तीन मिळवले की बाजारात मागायची शिडी सोळा फुटी ठरते.

मग वीस फुटी घेतली तर आणखी बरं, असं कुणी म्हणेल. इथे थोडं गणित पाहावं लागतं. भिंतीला टेकलेल्या शिडीवर माणूस उभा राहिला की तिचा पाय बाहेरच्या बाजूला ढकलला जातो. सत्तर किलोचा माणूस टेकणीच्या उंचीवर पोचला आणि शिडी चारास एक या प्रमाणात असली, तर हा रेटा साडेसतरा किलो वजनाइतका असतो. शिडीचा पाय तीन फुटांऐवजी सात फुटांवर गेला, तर तोच रेटा चाळीस किलोंवर जातो. बारा फुटांवर गेला, तर पूर्ण सत्तर. लांब शिडी बुटक्या भिंतीला लावणारे नेमकं हेच करतात, कारण वर निघालेला भाग त्यांना फुकट गेल्यासारखा वाटतो. खरा फसवा भाग पुढेच आहे. हा रेटा माणूस जसा वर जातो तसा वाढतो. चौथ्या हिश्श्यावर तो वरच्या रेट्याच्या चौथाईच असतो. म्हणजे खालच्या तीन पायऱ्यांवर उभं राहून, जरा हिसके देऊन ‘पक्की बसली’ म्हणणं ही परीक्षाच नव्हे. तिथं न हललेली शिडी अकराव्या पायरीवर सटकू शकते.

म्हणून शिडी पारखताना आधी तिचे पाय बघावेत, मग उंची. दुकानातल्या ॲल्युमिनियमच्या शिडीला रबरी बूट असतात. ते झिजून गुळगुळीत झाले की बदलावे लागतात, आणि ते सुटे मिळतात का हे घेतानाच विचारावं. आपल्याकडे गावातल्या वेल्डिंगच्या दुकानातून लोखंडी शिडी करून घेण्याची रीत आहे. ती स्वस्त पडते, मजबूत असते, हे खरं. लोखंड ॲल्युमिनियमच्या जवळजवळ तिप्पट जड, त्यामुळे मोठी शिडी हलवायला दोघं लागतात, हेही चालेल. अडचण वेगळीच असते: पाईपचं उघडं तोंड थेट शहाबादी फरशीवर. ओली फरशी आणि उघडं लोखंड यांचं जमत नाही. त्याच वेल्डरकडून दोन्ही पायांना चपट्या पट्ट्या जोडून त्यांवर जाड रबर बोल्टने बसवून घ्यावं, आणि पायरीसाठी बारीक गोल सळई न लावता चौकोनी पाईप लावायला सांगावं. सळई तळपायात रुतते, मग माणूस टाचेवर उभा राहतो. अंगण काळ्या मातीचं असेल तर पावसाळ्यात एक पाय खचतो, दुसरा खचत नाही. अशा वेळी दोन्ही पायांखाली मिळून एकच रुंद फळी घालावी. दोन सुट्या विटा घालू नयेत.

बांबूच्या शिडीवर आजोबांचं आयुष्य गेलं, कुणी पडलं नाही, असं सांगणारे भेटतात. पडलेले सांगायला येत नाहीत हे एक. आणि दुसरं, ती शिडी त्या हंगामात बांधलेली असे, सुंभ सैल झालं की पुन्हा आवळली जाई. आज तीच शिडी गोठ्याच्या कडेला तीन पावसाळे भिजत पडते. बांबूतून वीज जात नाही, हा भरवसाही कोरड्या बांबूपुरताच. ॲल्युमिनियम आणि लोखंड तर वीज सरळ वाहून नेतात. महावितरणच्या खांबावरून घरात येणारी तार कडेच्या जवळ असेल, तर फायबरग्लासची शिडी महाग पडली तरी तीच घ्यावी. जवळून ११ केव्हीची लाईन जात असेल, तर तिथं कुठलीच शिडी उभी करू नये. एवढ्या दाबाच्या तारेला शिडी चिकटायचीही गरज नसते. शिडी अंगणातून नेताना नेहमी आडवी न्यावी.

सरकती शिडी घेणाऱ्यांसाठी एक व्यवहाराची गोष्ट. आठ-आठ फुटांचे दोन भाग म्हणजे सोळा फूट नव्हेत. दोन्ही भाग एकमेकांवर निदान तीन फूट चढलेले राहायला हवेत, म्हणून हातात येतात तेरा. वजनाचा आकडाही लेबलवर पाहावा. युरोपच्या ईएन १३१ मानकात तो १५० किलो आहे. यात फक्त माणसाचं वजन धरायचं नाही, हातातल्या वीस लिटरच्या कॅनचे वीस किलोही धरायचे. (कॅन हातात घेऊन चढूच नये. वर पोचल्यावर दोरीने ओढावा. कुरडयांचं ताटही तसंच.) पंखा पुसायला लागणारा घोडा हे निराळं अवजार आहे. दहा फुटी खोलीत सहा फुटी घोडा पुरतो, वरच्या दोन पायऱ्या सोडून. त्याच्यावरून स्लॅबवर पाऊल टाकू नये. बाजूच्या रेट्याला तो उलटतो. मिटून भिंतीला टेकवायलाही तो केलेला नाही.

राहिला शेवटचा युक्तिवाद: खाली कुणीतरी धरून उभं असतंच. धरणारा कोण? बहुतेकदा घरातलं पोर किंवा म्हातारी. चाळीस किलोंचा रेटा त्यांच्या पायाने अडायचा नाही. वरून बादली सुटली तर तीही त्यांच्याच डोक्यावर. माणसाचं हे काम एक लोखंडी कडी अधिक चांगलं करते. कठड्याचं काम चालू असताना गवंड्याला सांगून शिडी लागणाऱ्या जागी हातभर अंतरावर दोन कड्या काँक्रीटमध्ये रोवून घ्याव्यात. पहिल्यांदा वर जाणाऱ्याने शिडीचे दोन्ही दांडे त्यांना सुती दोरीने बांधायचे, तेवढ्या एका चढणीपुरता खाली धरणारा ठेवायचा. त्याच कड्यांच्या बरोबर खाली, भिंतीपासून तीन फुटांवर, अंगणात एक फरशी सपाट बसवून तिच्यावर रंगाची रेघ मारून ठेवली, की चारास एकचं गणित घरातल्या कुणालाही पाठ करावं लागत नाही.