घनवाद समजून घेताना : हे चित्र कुठं उभं राहून काढलं?



आधुनिक चित्रकलेच्या आपल्या या मालेत आज घनवाद, म्हणजे क्युबिझम, हा विषय घेतला आहे. विषय पॅरिसचा आणि व्याख्यान केनवडला! सोयाबीन-तुरीच्या गावात पिकासोचं काय काम, असं कुणी मनात म्हणत असेल तर त्यात गैर काही नाही. पण आम्ही आयुष्यभर तत्त्वज्ञान शिकवलं, आणि घनवाद हा आम्हाला चित्रकलेइतकाच ज्ञानाचाही प्रश्न वाटतो. एखादी वस्तू 'आहे तशी' काढली, असं आपण म्हणतो. तेव्हा ती कुठून आहे तशी? घनवाद हे विचारतो. ते समजायला पॅरिसला जावं लागत नाही.

सुरुवात घागरीपासून करू. घागरीचं तोंड कसं असतं? गोल. लहान पोराला घागर काढायला सांगा, ते तोंड गोलच काढेल. मग एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या तयारीला बसलं की गुरुजी सांगतात, "गोल नाही, लंबगोल काढ. समोरून पाहिलं की तोंड चपटं दिसतं." गुरुजींचं बरोबर आहे. पण पोराचं चूक आहे का? पोरानं घागरीबद्दल त्याला जे माहीत आहे ते काढलं. गुरुजींनी सांगितलं ते एका जागेवरून, एका क्षणी जे दिसतं ते. बंडीचंही तसंच. पोर दोन्ही चाकं पूर्ण काढतं, कारण बंडीला दोन चाकं असतात. बाजूला उभं राहिलं की पलीकडचं चाक अलीकडच्याआड जातं, म्हणून ते झाकायचं, हा नियम नंतर शिकवावा लागतो.

या नियमाला पर्स्पेक्टिव्ह म्हणतात. मराठीत आपण त्याला नाव दिलं 'यथार्थदर्शन'. नाव नीट ऐका. यथार्थ दर्शन, म्हणजे खरं दर्शन! नावातच निकाल लावून टाकला. इटलीत फ्लॉरेन्स शहरात ब्रुनेलेस्की नावाच्या वास्तुशिल्पीनं पंधराव्या शतकाच्या सुरुवातीला हे तंत्र प्रयोगानं दाखवलं आणि आल्बेर्तीनं १४३५ मध्ये ते ग्रंथात मांडलं. तंत्र विलक्षण आहे, त्याला कमी लेखू नये. सपाट भिंतीवर खोल दालन उभं करता येतं. पण त्याच्या तीन अटी आहेत. पाहणाऱ्याचा एकच डोळा, त्याची एकच जागा, आणि एकच क्षण. प्रत्यक्षात आपण असं कधी पाहतो? आपल्याला दोन डोळे आहेत, मान वळते, पाय चालतात. घराला आपण ओळखतो ते अंगणातून, परसातून आणि आतून वावरून.

सुमारे साडेचारशे वर्षं युरोपची चित्रकला या तीन अटींवर चालली. त्यांना पहिला मोठा हादरा दिला पॉल सेझान या चित्रकारानं. टेबलावरची फळं काढताना तो टेबलाची एक कड एका उंचीवरून आणि दुसरी कड जरा वेगळ्या उंचीवरून पाही, आणि दोन्ही चित्रात तशाच ठेवी. निसर्गातले आकार गोल, शंकू, नळकांडं यांच्या आधारे समजून घ्यावेत, असं त्यानं एका तरुण चित्रकाराला लिहिलं होतं. १९०६ मध्ये तो वारला. पुढच्या वर्षी पॅरिसला त्याच्या चित्रांचं मोठं प्रदर्शन भरलं आणि तरुण चित्रकारांवर त्याचा फार परिणाम झाला.

त्याच १९०७ मध्ये पाब्लो पिकासो या पंचविशीतल्या स्पॅनिश चित्रकारानं 'आव्हिन्योंच्या तरुणी' हे चित्र रंगवलं. पाच स्त्रिया, अंगं कोयत्यानं छाटल्यासारखी कोनदार, दोघींचे चेहरे मुखवट्यासारखे. आफ्रिकी मुखवटे त्यानं पॅरिसच्या संग्रहालयात पाहिले होते. वसाहतींतून आणलेल्या त्या मुखवट्यांच्या कारागिरांची नावं कुणी लिहून ठेवली नाहीत. आधुनिक कलेच्या इतिहासात हे उधारीचं पान आहे, ते आपण विसरू नये. पिकासोचे मित्रसुद्धा हे चित्र पाहून गोंधळले, आणि जाहीर प्रदर्शनात ते १९१६ मध्ये आलं.

दुसरा गडी जॉर्ज ब्राक, घर रंगवणाऱ्याचा मुलगा. १९०८ मध्ये त्यानं दक्षिण फ्रान्समधल्या लेस्ताक गावाची चित्रं काढली. घरं म्हणजे एकावर एक रचलेले ठोकळे. आकाश नाही, क्षितिज नाही. एका समीक्षकानं लिहिलं की हा माणूस सगळ्याचे घन करून टाकतो. त्या टोमण्यातून 'क्युबिझम' हे नाव रुजलं. संतांच्या आणि कलावंतांच्या बाबतीत हे नेहमीचंच आहे. लोक चिडवायला नाव ठेवतात आणि पुढं तेच नाव मानाचं होतं.

आता मुख्य प्रश्न. या चित्रांत वस्तू फुटल्यासारखी का दिसते?

आम्ही याचं उत्तर घरबांधणीवरून देतो. तुम्ही घर बांधायला काढलं की कागदावर काय येतं? एक प्लॅन, म्हणजे वरून पाहिलेलं घर. एक एलेव्हेशन, म्हणजे समोरून. आणि एक सेक्शन, म्हणजे घर उभं कापलं तर आत काय दिसेल ते. एकाच घराची तीन चित्रं. तिन्ही खरी, आणि एकही डोळ्यांना दिसतं तसं नाही. मिस्त्रीला कुणी विचारतं का, "बाबा, माझं घर असं फाडून का ठेवलं?" नाही विचारत, कारण घर समजून घ्यायला तिन्ही लागतात. आता कल्पना करा की ही तिन्ही चित्रं वेगवेगळ्या कागदांवर न ठेवता कुणी एकाच कागदावर, एकमेकांत गुंफून काढली. घनवाद्यांनी साधारण हेच केलं. फरक एवढाच की मिस्त्रीचा कागद बांधकामासाठी असतो, आणि यांना आपलं पाहणंच तपासायचं होतं.

१९१० ते १९१२ च्या सुमारास हे काम टोकाला गेलं. या टप्प्याला विश्लेषक घनवाद म्हणतात. रंग जवळजवळ काढून टाकले. उरले मातकट, करडे. पिकासोनं १९१० मध्ये आपल्या चित्रविक्रेत्याचं, कानवायलरचं, व्यक्तिचित्र केलं. पहिल्यांदा पाहणाऱ्याला तिथं नुसत्या काचेच्या चकत्या दिसतात. जरा थांबलं की केसांची वळणं सापडतात, घड्याळाची साखळी सापडते, खाली एकमेकांत गुंतवलेले हात सापडतात. त्या गृहस्थानं अनेक बैठका दिल्या होत्या. अनेक बैठकांचं पाहणं एका चित्रात आलं, म्हणून ते एका नजरेत मिळत नाही.

पुढचा टप्पा संश्लेषक घनवादाचा, १९१२ पासूनचा. आधी वस्तू सोडवली, आता तुकड्यांतून नवी वस्तू जुळवायची. पिकासोनं एका चित्रात वेताच्या खुर्चीची विण रंगवली नाही. विणीचा छाप असलेलं मेणकापडच चिकटवलं आणि भोवती चौकटीऐवजी दोर गुंडाळला. ब्राकनं लाकडाचा भास देणारा छापील कागद चिकटवला. आज शाळेत मुलं कोलाज करतात ना, त्याचं मूळ इथं आहे. ह्वान ग्रिस हा या टप्प्याचा तिसरा मोठा चित्रकार. १९१४ मध्ये पहिलं महायुद्ध आलं, ब्राक लढाईवर गेला, पुढच्या वर्षी डोक्याला गंभीर जखम झाली, आणि त्या दोघांची जोडी फुटली.

इथं तत्त्वज्ञानाकडे वळू, कारण तुमच्यापैकी काहींच्या मनात हत्ती आणि सात आंधळ्यांची गोष्ट आली असेल. आपल्याच जिल्ह्यात शिरपूरला अंतरिक्ष पार्श्वनाथांचं स्थान आहे, तेव्हा जैनांचा अनेकांतवाद आपल्याला परका नाही. पिकासोनं जैन दर्शन वाचलं होतं, असं आम्ही म्हणत नाही. आइन्स्टाइनच्या सापेक्षतेतून घनवाद निघाला असंही सर्रास सांगतात. त्यालाही पुरावा नाही. पण समजून घ्यायला अनेकांतवाद उपयोगी पडतो. स्याद्वाद काय सांगतो? प्रत्येक विधानापुढं 'स्यात्' लावा, म्हणजे 'एका अपेक्षेनं'. मी जे बोलतो ते कुठल्या बाजूनं बोलतो, हे आधी सांगा.

यथार्थदर्शनाची अडचण इथं कळते. ते खोटं नाही. ते आपलं 'स्यात्' लपवतं. "हे घर इथून, या क्षणी असं दिसतं" असं न म्हणता "घर हे असं आहे" म्हणतं. घनवादी चित्र आपलं 'स्यात्' उघडं ठेवतं. हे नाक बाजूनं पाहिलं, हा डोळा समोरून, हा पेला वरून.

पण हत्तीच्या गोष्टीत आणि घनवादात एक फरक आहे. गोष्टीत सांगणारा डोळस असतो. त्याला पूर्ण हत्ती दिसतो, म्हणून तो आंधळ्यांना हसू शकतो. घनवादात ती डोळस जागाच नाही. चित्रकारही चाचपडतो आणि आपणही. म्हणून ही चित्रं अस्वस्थ करतात. आणि याचा अर्थ 'सगळ्यांचंच खरं, कुणाचंही काहीही चालतं' असाही नाही. मिस्त्रीचा प्लॅन आणि एलेव्हेशन जुळलं नाही तर घर उभं राहत नाही. बाजू अनेक असल्या तरी त्या एकाच वस्तूच्या असाव्या लागतात.

आता आपल्याकडे येऊ. मुंबईचं जे. जे. स्कूल १८५७ मध्ये सुरू झालं आणि ब्रिटिशांनी यथार्थदर्शन हे शास्त्र म्हणून शिकवलं. आपली जुनी रीत वेगळी होती. लघुचित्रांत तळं वरून दिसतं आणि काठची झाडं बाजूनं. वारली चित्रांत आजही तारपा वाजवणाऱ्याभोवतीचं नाचाचं रिंगण वरून पाहिल्यासारखं आणि नाचणारी माणसं समोरून असतात. याला घनवाद म्हणू नये. ही माणसं प्रत्येक वस्तू तिच्या ओळखीच्या बाजूनं काढतात. घनवाद्यांनी यथार्थदर्शन शिकून, जाणूनबुजून मोडलं. पण नव्या शाळेत त्या रीतीला अडाणी ठरवलं गेलं, आणि मग तेच दार पॅरिसहून उघडून आलं!

भारतात घनवाद प्रथम मनावर घेतला तो कलकत्त्याच्या गगनेंद्रनाथ टागोरांनी, १९२२ च्या आसपास. पुढं आर्चर नावाच्या इंग्रज समीक्षकानं त्यांची चित्रं कच्ची नक्कल ठरवली. कलेतिहासकार पार्थ मित्तर यांनी यावर नेमकं बोट ठेवलं. पिकासोनं आफ्रिकेकडून घेतलं तर ती प्रतिभा, आणि भारतीयानं पिकासोकडून घेतलं तर तो पिकासो होता होता राहिला, असा हा दुटप्पी न्याय आहे.

मराठी माणसाचं उदाहरण पाहायचं तर नारायण श्रीधर बेंद्रे. जन्म इंदूरचा, १९१० चा. शिक्षण इंदूरला देवळालीकर मास्तरांकडे, पदविका मुंबईची, १९३३ ची. निसर्गचित्रात, जलरंगात हात बसलेला. १९४७-४८ मध्ये अमेरिका-युरोपचा प्रवास झाला. १९५० मध्ये बडोद्याच्या सयाजीराव विद्यापीठात चित्रकला शिकवायला गेले, आणि तिथं चाळिशी उलटल्यावर या माणसानं घनवादाचे प्रयोग केले. त्यांच्या 'काटा' या चित्राला १९५५ मध्ये ललित कला अकादमीचा राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. आकृती कोनदार, सपाट पातळ्यांतून बांधलेल्या. पण विषय पॅरिसच्या कॅफेतली बाटली आणि गिटार नाही, काटा आहे! रानात अनवाणी चालणाऱ्याला तो समजावून सांगावा लागत नाही. बेंद्र्यांनी घनवादातून चित्राची बांधणी घेतली, माणूस मात्र इथलाच ठेवला. पुढं त्यांनी ही वाटही सोडली आणि रंगाच्या ठिपक्यांतून चित्रं केली. नक्कल करणारा इतक्या सहज सोडत नाही.

विदर्भाचंही एक नाव सांगितलं पाहिजे. हरी अंबादास गाडे, जन्म १९१७, अमरावती जिल्ह्यातलं तळेगाव दशासर. सूझा, रझा, हुसेन, आरा, बाकरे यांच्याबरोबर १९४७ च्या प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये हा विज्ञान शिकलेला वऱ्हाडी माणूस होता. त्यांच्या गाव-वस्तीच्या चित्रांत घरं रंगांच्या ठोकळ्यांनी रचलेली दिसतात. ती पाहताना लेस्ताकची आठवण येते.

आणि शेवटी, अशा मोडक्या चित्रांतून काही सांगता येतं का? २६ एप्रिल १९३७ ला स्पेनमधल्या गेर्निका गावावर जर्मन आणि इटालियन विमानांनी बॉम्ब टाकले. पिकासोनं पावणेआठ मीटर लांबीचं चित्र केलं. त्यात रंग नाहीत, फक्त काळा, पांढरा, करडा. किंचाळणारा घोडा, मेलेलं लेकरू घेतलेली आई, एक बैल. बैलाचं तोंड बाजूनं आहे आणि डोळे मात्र दोन्ही दिसतात. विमानातून पाहणाऱ्याला गाव म्हणजे खाली एक निशाण असतं. तीही एका जागेवरून घेतलेली नजरच. पिकासोनं तीच नजर नाकारली आणि आपल्याला खाली, त्या माणसा-जनावरांच्या मधोमध आणून उभं केलं. तिथं क्षितिज कुठलं आणि खोली कुठली!

म्हणून घनवादी चित्रासमोर गेलात तर "हे काय आहे?" असं लगेच विचारू नका. "यात कुठून कुठून पाहिलंय?" असं विचारा. एक ओळखीची खूण शोधा, हात, डोळा, पेला, आणि तिथून हळूहळू फिरा. आणि इथं शिक्षक बसले आहेत त्यांना एक विनंती. पोरानं बंडीची दोन्ही चाकं काढली तर त्यावर लाल फुली मारण्याआधी त्याला विचारा, "तू कुठून पाहिलंस?" मग लंबगोल जरूर शिकवा. परीक्षेला तो लागतोच. पण गोल काढणाऱ्यालाही काही माहीत होतं, एवढं त्याला कळू द्या.