रात्रीचा रस्ता आणि चालकाचे डोळे

दिवाळीच्या सुमारास कोल्हापूर जिल्ह्यातील साखर कारखान्यांचे गाळप सुरू होते. मग उसाने लादलेल्या बैलगाड्या आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉल्या रात्री-अपरात्रीही रस्त्याने जाताना दिसतात. त्याच रस्त्यांवरून मालमोटारी व एस. टी. च्या गाड्या धावत असतात. अशा रात्री चार-पाच तास मोटार हाकणाऱ्या चालकाचे डोळे चुरचुरतात, कपाळ ठणकू लागते. एवढ्यावरच भागत नाही. शिणलेल्या डोळ्यांना पुढची बैलगाडी उशिरा दिसते. आणि ताशी ६० किलोमीटर वेगाची मोटार तर एका सेकंदात सुमारे १७ मीटर अंतर कापते.

हा शीण येतो कशाने? डोळ्यातील बाहुली अंधारात रुंदावते व उजेडात आकसते. हे काम झटपट होते. परंतु डोळ्याच्या आतील पडद्यात अंधारात पाहण्यासाठी जे जांभळट द्रव्य असते, ते प्रखर उजेडाने विरते आणि पूर्ववत भरून येण्यास वीस ते तीस मिनिटे लागतात. उन्हातून काळोख्या माजघरात शिरलेल्या मनुष्यास आरंभी काही दिसत नाही, ते यामुळेच. समोरून दिव्यांचा झोत आला की चालकाची तीच गत होते. झोत सरतो न सरतो तोच दुसरा येतो. बिचारा डोळे बारीक करतो, भुवया आवळतो, आणि टक लावून पाहण्याच्या नादात त्याची पापणी नेहमीइतकी लवत नाही. डोळे कोरडे पडतात, ताठलेल्या स्नायूंमुळे डोके दुखते.

म्हणून जाणता चालक झोताकडे न पाहता रस्त्याच्या डाव्या कडेवर नजर ठेवतो. पुढची काच तो आतूनही पुसतो. कारण काचेवरील धूळ वा तेलकट डाग उजेड फाकवतो. समोरची गाडी दिसताच आपले दिवे तो खाली करतो. गगनबावड्याहून करूळ घाट उतरताना दाट धुके असले, तर वर केलेल्या दिव्यांचा उजेड धुक्याच्या थेंबांवरून उलटून त्याच्याच डोळ्यांत येतो. तेथेही खालचे दिवेच बरे. रात्री पिवळ्या काचांचा चष्मा लावण्याची काहींना हौस असते, पण त्याने दृष्टी सुधारत नाही. मुळातच अपुरा उजेड आणखी कमी होतो. डोकेदुखी वारंवार होत असल्यास डोळे तपासून योग्य नंबरचा चष्मा घेणे हाच उपाय. दर दोन तासांनी थोडे थांबावे, हे तर सर्वांसाठीच.

बैलगाडीच्या मागे लावतात ती 'रेडियम'ची पट्टीही या कामी मोलाची. नाव काहीही असो, तिच्यात रेडियम नसते. काचेचे बारीक मणी किंवा लोलक असतात. ते आलेला उजेड आल्या वाटेने परत धाडतात, आणि चालकाने दिवे खाली केलेले असतानाही गाडी दुरून चमकते.