एककाखाली एकक : कोष्टकातील दशांश चिन्हांची जुळवणी
लेखांक ११

कोष्टकाच्या रकान्यात दशांश चिन्हे एकाखाली एक आणली की एककाखाली एकक, दशकाखाली दशक आणि शतांशाखाली शतांश आपोआप येतो. शाळेत उभी बेरीज मांडताना पाळला जाणारा हा नियम छापील कोष्टकालाही लागू होतो आणि त्यामागचे कारणही तेच आहे. दशमान पद्धतीत अंकाची किंमत त्याच्या स्थानावरून ठरते. ते स्थान डोळ्यांना दिसले, तर आकडा वाचून होण्याआधीच त्याचा लहानमोठेपणा कळतो.

ग्रहांची वस्तुमाने पृथ्वीच्या पटीत दिली, तर ती अशी येतात : बुध ०.०५५३, शुक्र ०.८१५, पृथ्वी १, मंगळ ०.१०७, गुरू ३१७.८, शनी ९५.२, युरेनस १४.५ आणि नेपच्यून १७.१. आठ ओळींचा हा रकाना उजव्या कडेला लावून छापला, तर डावीकडे सर्वांत पुढे येतो तो बुध, कारण त्याच्या आकड्यात सर्वाधिक अंक आहेत. गुरू बुधाच्या साडेपाच हजार पटींहून जड असूनही रकान्यात त्याच्या मागे पडतो. डाव्या कडेला लावल्यास बुधाचाच आकडा सर्वांत लांब दिसतो. मधोमध लावल्यास दोन्ही कडा वेड्यावाकड्या होतात आणि कोणता अंक कोणत्या स्थानाचा हे प्रत्येक ओळीत नव्याने शोधावे लागते. हेच आकडे दशांश चिन्हावर जुळवले की गुरूचे तीन अंक डावीकडे ठळकपणे पुढे येतात, त्याच्या मागे शनी, युरेनस आणि नेपच्यून दोन-दोन अंकांनिशी उभे राहतात आणि उरलेले चार ग्रह एकेरी अंकावर थांबतात. महाकाय ग्रह कोणते आणि खडकाळ ग्रह कोणते, हे रकान्याची डावी कडच सांगते. पृथ्वीच्या आकड्यात दशांश चिन्ह नाही, तरी त्यातला १ एककाच्याच जागी बसतो, आणि चिन्ह असते तर ते जिथे आले असते ती जागा कोरी राहते.

या रकान्यावर एक सोपा वाटणारा उपाय नेहमी सुचवला जातो : सर्वांना चार दशांश स्थळे द्यावीत, म्हणजे उजवी कड सरळ होईल. हा उपाय घातक आहे. ३१७.८ च्या जागी ३१७.८००० छापले, तर गुरूचे वस्तुमान पृथ्वीच्या दहाहजाराव्या भागापर्यंत अचूक माहीत आहे असा दावा होतो, आणि मूळ आकडा तसे म्हणत नाही. मोजमापाच्या आकड्यातील शेवटचे शून्य हीसुद्धा माहितीच असते. रकाना नीटनेटका दिसावा म्हणून ते जोडण्याचा किंवा गाळण्याचा अधिकार अक्षरजुळणी करणाऱ्याला नाही. दशांश चिन्हाच्या आधीच्या शून्याची गोष्ट वेगळी. त्याने अचूकतेत फरक पडत नाही, उलट बिंदू नजरेतून निसटत नाही, म्हणून .८१५ ऐवजी ०.८१५ असेच छापावे.

सर्व आकड्यांना मुळातच सारखी दशांश स्थळे असतील, तर वेगळ्या जुळवणीची गरज उरत नाही. रुपये-पैशांचा रकाना उजवीकडे सरळ लावला की दशांश चिन्हे आपोआप एका रेषेत येतात. चार अंकी लॉगॅरिथमचे अनेक तक्ते याच्याही पुढे जातात. त्यांत प्रत्येक मँटिसा, म्हणजे लॉगॅरिथमचा दशांश भाग, चार अंकांचाच असल्यामुळे दशांश चिन्ह छापलेलेच नसते, आणि वाचणाऱ्याचे काही अडत नाही. रुपये-पैशांचा असा रकाना भारतात १ एप्रिल १९५७ रोजी दशमान नाणेपद्धती आल्यावर शक्य झाला. त्याआधी रुपयाचे १६ आणे आणि आण्याच्या १२ पै असा हिशेब होता. त्या काळच्या छापील हिशेबात रुपये, आणे आणि पै यांना स्वतंत्र रकाने देत. तिथे बिंदू नव्हता, पण स्थानाखाली स्थान होतेच, कारण ते काम रकान्यांच्या रेघा करत. पुढे तीन रकान्यांचे दोन भाग झाले आणि मधल्या रेघेचे काम दशांश चिन्हाकडे आले.

चिन्हे जुळली तरी अंक जुळतीलच असे नाही. त्यासाठी सर्व अंकांची रुंदी सारखी हवी. खिळ्यांच्या छपाईत रोमन लिपीच्या टायपांमधील अंक बहुधा अर्ध्या एमच्या, म्हणजे एक एन रुंदीच्या खिळ्यावर ओतलेले असत. अरुंद १ लाही तेवढीच जागा मिळे. त्यामुळे आकड्यात अंक कमी असले, तर जुळारी तेवढे एन क्वाड, म्हणजे एक एन रुंदीचे कोरे खिळे, भरून मोकळा होई. बिंदूचा खिळा मात्र अरुंद असे. म्हणून पूर्णांकापुढे बिंदूच्या रुंदीची एक बारीक स्पेस आणि मग क्वाड, असा क्रम ठेवावा लागे. युनिकोडमध्ये या दोन्ही मोकळ्या जागांना स्वतंत्र संकेतांक आहेत : अंकाच्या रुंदीच्या जागेला २००७ आणि बिंदूच्या रुंदीच्या जागेला २००८.

आजच्या अनेक फॉन्टमध्ये अंकांचे दोन संच असतात. एकात प्रत्येक अंकाला त्याच्या आकाराप्रमाणे जागा मिळते आणि तो सलग मजकुरात शोभतो. दुसऱ्यात सर्वांना सारखी जागा मिळते आणि तो कोष्टकासाठी असतो. ओपनटाइप फॉन्टमध्ये हा दुसरा संच निवडण्याची सोय असते, मात्र देवनागरी अंकांसाठी ती असेलच असे गृहीत धरू नये. पारख करायला पाव मिनिटही लागत नाही. १११११ आणि त्याखाली ८८८८८ टाइप करावे. दोन्ही ओळी एकाच जागी संपल्या, तर फॉन्ट कोष्टकाला चालेल. वरची ओळ आधी संपली, तर दशांश चिन्हे कितीही काटेकोर जुळवली तरी दशकाखाली दशक येणार नाही, आणि फॉन्ट बदलणे हाच मार्ग उरतो.

प्रत्यक्ष जुळवणीची साधने आता सहज मिळतात. वर्डमध्ये रकाना निवडून मोजपट्टीवर दशांश टॅब ठेवला की चौकटीतले आकडे टॅब कळ न दाबताही त्यावर येतात. एक्सेलमध्ये आकड्याच्या स्वरूपात शून्याऐवजी प्रश्नचिन्ह वापरले, तर नसलेल्या अंकाची जागा कोरी राखली जाते. ‘०.????’ या धर्तीचे स्वरूप ग्रहांच्या रकान्याला बसते, फक्त पृथ्वीच्या १ पुढे बिंदू दिसत राहतो. लेटेकमध्ये डीकॉलम आणि एसआययुनिटएक्स ही पॅकेजे हे काम करतात. वेबपानांचा अनुभव मात्र निराशाजनक आहे. डिसेंबर १९९७ च्या एचटीएमएल ४ मध्ये ठरावीक चिन्हावर रकाना जुळवण्याची तरतूद होती, पण प्रमुख ब्राउझरांनी ती अमलात आणली नाही आणि एचटीएमएल ५ ने ती कालबाह्य ठरवली. मग पूर्णांक एका रकान्यात आणि अपूर्णांक शेजारच्या रकान्यात टाकण्याची युक्ती केली जाते. ती टाळलेली बरी, कारण कोष्टक दुसरीकडे उतरवून घेतल्यास एका आकड्याचे दोन होतात आणि मोठ्याने वाचून दाखवणारी सॉफ्टवेअरे ते दोन वेगळे आकडे म्हणून वाचतात.

आकड्याला चिकटणारी चिन्हे जुळवणीत धरायची नाहीत. ऋण चिन्ह अंकांच्या डावीकडे बाहेर राहावे, टीपेचा तारा उजवीकडे बाहेर लटकावा आणि तोट्याचा आकडा दाखवणारा कंसही बाहेरच राहावा. तारा अंकांमध्ये मोजला गेला, तर उजवीकडे लावलेल्या रकान्यात तेवढीच ओळ डावीकडे सरकते आणि शंभराचे हजार वाटू लागतात. टक्के, किलो, रुपये ही एकके शीर्षकात एकदाच द्यावीत.

एकाच रकान्यात वरच्या ओळीला मीटर, खालच्या ओळीला अंश सेल्सिअस आणि त्याखाली रुपये असतील, तर दशांश जुळवणीला काही अर्थ नाही, कारण त्या आकड्यांची तुलनाच होत नाही. उलट ते एका रेषेत आणल्याने तुलना होऊ शकते असा गैरसमज होतो. अशा वेळी कोष्टक आडवे-उभे फिरवून सारख्या एककांचे आकडे एका रकान्यात आणणे हा खरा उपाय. शीर्षकही दशांश चिन्हावर बेतू नये. सर्वांत लांब पूर्णांक आणि सर्वांत लांब अपूर्णांक मिळून आकड्यांचा जो गठ्ठा होतो, तो सबंध गठ्ठा शीर्षकाखाली मध्यावर यावा. बिंदू मध्यापासून बाजूला गेला तरी चालेल.

जर्मनी, फ्रान्स यांसारख्या देशांत दशांश चिन्ह म्हणून स्वल्पविराम वापरतात. वजन-मापांच्या सर्वसाधारण परिषदेने २००३ साली बिंदू आणि स्वल्पविराम दोन्ही ग्राह्य धरले. भारतीय आकड्यात स्वल्पविराम लाख आणि हजार वेगळे दाखवतो. त्यामुळे संगणकाची प्रादेशिक मांडणी एखाद्या युरोपीय देशाची असेल, तर दशांश टॅब बिंदू सोडून स्वल्पविराम शोधतो आणि १,२५,०००.५० सारखा आकडा भलत्याच जागी जाऊन बसतो. जुळवणी अकारण बिघडलेली दिसली, तर ही मांडणी आधी तपासावी.

लांबलचक कोष्टक पुढच्या पानावर जाते, तेव्हा रकान्याची रुंदी त्या पानावरच्या आकड्यांवरून नव्याने ठरवली जाण्याचा धोका असतो. मुद्रितशोधकाने दोन्ही पाने शेजारी ठेवून डाव्या कडेपासून दशांश चिन्हापर्यंतचे अंतर मोजपट्टीने पाहावे. संपूर्ण कोष्टकातील सर्वांत मोठा आणि सर्वाधिक दशांश स्थळांचा आकडा आधी शोधून रकान्याची मापे त्यावरून ठरवली असतील, तर हे अंतर दोन्ही पानांवर सारखेच भरते.