नोंद नसलेले पीक



ऊस नोंदीबद्दल आम्ही या पत्रिकेतून दरवर्षी लिहीत असतो. लागणीची तारीख, उसाची जात, गट नंबर आणि क्षेत्र एवढ्या चार गोष्टी वेळेवर नोंदवल्या नाहीत तर तोडीच्या वेळी धावपळ होते, हे आता शाळकरी पोरालाही सांगावे लागत नाही. परंतु याच सभासदाच्या घरात एक पीक बाराही महिने उभे असते आणि त्याची नोंद मात्र कुठेच नसते. ते पीक म्हणजे घरचा स्वयंपाक होय.

शेताच्या फेरीवर असताना वस्तीवरची माणसे आम्हाला जेवल्याशिवाय सोडत नाहीत. कुणाकडे खपली गव्हाची खीर असते, कुणाकडे उसाच्या रसातल्या दशम्या. "वहिनी, यात काय काय घातलंय?" असे विचारावे, तर उत्तर ठरलेले. "काय न्हाई साहेब, आपलं अंदाजानं." हा अंदाज कमी लेखण्यासारखा नाही. चाळीस वर्षे चुलीपुढे बसलेल्या हाताला माप लागत नाही. पण तो अंदाज त्या हाताबरोबरच जातो. एखाद्या घरी दहाव्याला गेलो की लेकी-सुना हळूच बोलतात, "आत्याबाईंच्या हातची ती आमटी आता कुणालाच येत नाही." असे आम्ही एकदा नव्हे, अनेकदा ऐकले आहे. बेणे राखले नाही की जात नष्ट होते, तशातलाच हा प्रकार.

अंदाज कागदावर कसा उतरवायचा, हे आपल्याच मुलखातल्या एका बाईंनी दाखवून ठेवले आहे. त्या म्हणजे 'रुचिरा' हे पुस्तक लिहिणाऱ्या कमलाबाई ओगले. आज कुंडल म्हटले की ऊसकरी माणसाला साखर कारखाना आठवतो. कमलाबाईंचा जन्म याच कुंडल गावी १९१३ साली झाला. शाळा म्हणाल तर जेमतेम चौथीपर्यंत. लग्न होऊन सांगलीला आल्या आणि स्वयंपाक शिकल्या तो सासूबाईंच्या हाताखाली. पुढे त्या इतरांना शिकवू लागल्या, आणि १९७० साली 'रुचिरा' छापून निघाले. त्यानंतरच्या वीस वर्षांत या पुस्तकाच्या दीड लाखाच्या आसपास प्रती खपल्या. कमलाबाई १९९९ साली वारल्या, पण पुस्तक आजही घराघरांत आहे. हळदीचे डाग पडलेले आणि पाने सुटलेली 'रुचिरा'ची प्रत आमच्या पाहण्यातील किती तरी घरांत आहे.

पाककृतींची पुस्तके त्यापूर्वी नव्हती असे नाही. लक्ष्मीबाई धुरंधर यांचे 'गृहिणी-मित्र' हे १९१० सालचे. मग कमलाबाईंचे पुस्तक एवढे हाताशी का बसले? आमच्या मते त्याचे मुख्य कारण त्यांचे माप. त्यांनी तराजू मागितला नाही. वाटी आणि चमचा एवढ्यावर काम भागवले. १९५६ च्या कायद्याने किलो-ग्रॅमची दशमान मापे आली आणि पुढच्या काही वर्षांत शेर-पावशेर मागे पडले. सासूबाई शेरात बोलत, दुकानदार किलोत. मधल्यामध्ये सूनबाईची पंचाईत. वाटी मात्र शेराच्या काळातही तीच होती आणि किलोच्या काळातही तीच राहिली.

वाटीचे आणखी एक मर्म आहे. खताच्या मात्रेत जसे नत्र, स्फुरद आणि पालाश यांचे एकमेकांशी प्रमाण महत्त्वाचे, तसेच इथे. वाटी लहान असो की मोठी, सगळे जिन्नस त्याच वाटीने मोजले म्हणजे प्रमाण चुकत नाही. पाहुणे दुप्पट आले तर वाट्या दुप्पट. मोजमाप हे शिकल्या-सवरलेल्यांचे काम, ही समजूत चौथी शिकलेल्या बाईने मोडून काढली.

आता अलीकडचे उदाहरण घेऊ. अहिल्यानगर, म्हणजे पूर्वीच्या अहमदनगर, जिल्ह्यातील सारोळा कासार गावच्या सुमन धामणे या आजींनी शाळेचे तोंडही पाहिलेले नाही. २०२० साली, वयाच्या सत्तरीच्या आसपास, त्यांचा स्वयंपाक 'आपली आजी' या नावाने मोबाइलवर घरोघर पोचला. निमित्त झाले नातवाचे. त्याने पावभाजी मागितली. आजींना ती ठाऊक नव्हती, म्हणून त्याने इतरांच्या चित्रफिती दाखवल्या. त्या पाहून आजी म्हणाल्या की याहून चांगली मी करीन, आणि केली. मग नातवाने मोबाइल धरला आणि आजींनी कढई. कारल्याच्या भाजीने त्यांचे नाव झाले. सुरुवातीला कॅमेऱ्यापुढे त्या बुजत. 'बेकिंग पावडर', 'मिक्श्चर' असे शब्द जिभेवर येईनात. ते नातवाने शिकवले. पण बोली मात्र त्यांनी आपली तीच ठेवली, आणि ऐकणाऱ्यांना तीच गोड लागली.

कमलाबाईंकडे लेखणी होती, सुमनआजींकडे नातवाचा मोबाइल. साधन वेगळे, काम एकच. एका घरातले ज्ञान दुसऱ्या घरात पोचेल अशा रीतीने ठेवणे. अशा बाईच्या स्वयंपाकाला थोडी वेगळी शिस्त लागते. एरवी मूठ मारून पीठ घ्यायचे, तिथे आधी वाटीने मोजायचे आणि मग परातीत टाकायचे. पदार्थ एकदा जमला म्हणून भागत नाही. दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा त्याच मापाने करून तीच चव येते का ते बघायचे. फसला तर का फसला हेही सांगायचे. आमच्या चाचणी प्लॉटची रीत याहून काही निराळी नाही.

नमुना म्हणून रसातल्या दशम्यांची नोंद कशी असावी ते पाहू. कणीक दोन वाट्या, मीठ चिमूटभर, मोहनाला तेल दोन चमचे आणि गाळलेला ताजा रस पाऊण ते एक वाटी, कणीक घेईल तसा. घट्ट मळायची, थोडा वेळ झाकून ठेवायची, जाडसर लाटायची आणि मंद आचेवर तूप सोडून भाजायची. आच मोठी झाली तर रसातल्या साखरेमुळे दशमी आतून शिजण्याआधी वरून करपते. एवढे लिहिले म्हणजे काम अर्धे झाले. उरलेले अर्धे ऊसकऱ्याच्या घरातच लिहिता येईल. कोणत्या जातीचा ऊस, लागण कधीची, रस कोणत्या महिन्यात काढला? ऑक्टोबरातल्या कोवळ्या उसाचा रस आणि जानेवारी-फेब्रुवारीतल्या पक्व उसाचा रस यांच्या ब्रिक्समध्ये किती फरक पडतो, ते आपण रिफ्रॅक्टोमीटरवर पाहतोच. तोच फरक दशमीत जिभेला कळतो. शहरातल्या पुस्तकात ही गोष्ट कशी यावी?

गुळाचेही तसेच. उकळत्या दुधात गूळ टाकला की दूध फाटते, कारण गुळात थोडा आंबटपणा असतो. म्हणून जाणत्या बाया खीर खाली उतरवून, थोडी निवल्यावर गूळ घालतात. घरातल्या म्हातारीला हे माहीत असते. पुण्याला खोली घेऊन राहणाऱ्या तिच्या नातीला ते माहीत नसते, आणि रात्री नऊ वाजता फोन करून विचारायला उद्या आजी असेलच असे नाही.

तेव्हा आमची सभासदांना विनंती आहे. सगळ्या घरांनी मोबाइलपुढे उभे राहावे असे आम्ही म्हणत नाही. शाळेतल्या पोराची अर्धी उरलेली वही घ्या. आठवड्यातून एक पदार्थ ठरवा. आजी करील, सूनबाई वाटीने मोजून देईल आणि नातवंड लिहील. "अंदाजानं" असे उत्तर आले की पोराने मुकाट्याने पिठात हात घालण्याआधी वाटी पुढे करावी. कारभारी मंडळींनीही त्या दिवशी "जेवण कधी?" म्हणून घाई करू नये. मोजून केलेल्या स्वयंपाकाला थोडा वेळ जास्त लागतो.

शेवटी एक महत्त्वाची सूचना. ऊस नोंदीत सात-बारावरचे नाव लागते, आणि ते बहुधा पुरुषाचे असते. या वहीत मात्र जिच्या हातचा पदार्थ तिचेच पूर्ण नाव, माहेरच्या गावासह लिहावे. कुठली चटणी कोणत्या गावाहून आपल्या घरात आली, हे त्यावरून पुढच्या पिढीला कळेल. आयुष्यभर घराला जेवू घालून जिचे नाव कुठल्याच कागदावर आले नाही, तिचे एका कागदावर तरी येईल.

निवडक नोंदी आपल्या गट कार्यालयात आणून द्याव्यात. पुढील अंकांतून त्या करणारीच्या नावानिशी छापण्याचा आम्ही प्रयत्न करू. हंगाम चालू आहे, ताजा रस घरात आहे, तेव्हा पहिली नोंद दशम्यांचीच होऊ द्या.

कळावे,
ऊस विकास अधिकारी