चाकधारवा, मोटारगाडीचा
मोटारगाडीचे चाक ज्यावर बसविलेले असते तो तुंबा आणि आसाचे टोक यांच्यामध्ये घर्षण कमी करण्यासाठी व गाडीचे वजन पेलण्यासाठी बसविलेला भाग म्हणजे चाकधारवा. गॅरेजमध्ये व सुट्या भागांच्या दुकानात त्याला बेअरिंग आणि तुंब्याला हब म्हणतात. पोलादाची दोन कडी (आतले व बाहेरचे), त्यांच्यामध्ये फिरणाऱ्या गोळ्या किंवा रूळ, त्यांना सारख्या अंतरावर ठेवणारा पिंजरा आणि वंगण एवढेच त्याचे घटक होत. निकामी होण्यापूर्वी हा धारवा बहुधा पुष्कळ दिवस आवाज करतो. त्या काळात दोष ओळखला, तर दुरुस्ती स्वस्तात होते. दुर्लक्ष केल्यास धावत्या गाडीचे चाक निखळण्यापर्यंत मजल जाऊ शकते.

बैलगाडीचा तुंबा वंगण घातलेल्या आसावर घासत फिरतो. घासण्याऐवजी लोळण्याची क्रिया उपयोगात आणणाऱ्या गोळ्यांच्या धारव्याचे पेटंट वेल्समधील फिलिप व्हॉन यांनी गाडीच्या आसासाठी १७९४ मध्ये घेतले. मोटारगाडीच्या दृष्टीने अधिक महत्त्वाचा ठरला तो निमुळत्या रुळांचा धारवा. त्याचे पेटंट हेन्री टिमकेन व रेजिनाल्ड हाइन्झलमन यांना १८९८ मध्ये मिळाले. टिमकेन यांचा धंदा घोडागाड्या बनविण्याचा होता. वळणावर चाकाला वजनाखेरीज बाजूचा रेटाही सहन करावा लागतो, आणि निमुळता रूळ हे दोन्ही भार पेलू शकतो. मात्र एक धारवा एकाच दिशेचा रेटा घेत असल्याने प्रत्येक तुंब्यात असे दोन धारवे समोरासमोर बसवितात. अलीकडच्या बहुतेक गाड्यांत धारवा व तुंबा यांचा कायमचा बंद संच असतो व तो तसाच बदलतात. जुन्या गाडीचा तुंबा मात्र उघडता येतो, साफ करता येतो आणि पुन्हा जुळवावा लागतो. पुढील विवेचनात फोक्सवॅगन बीटल (उत्पादन १९३८–२००३) या गाडीचे पुढचे चाक उदाहरणादाखल घेतले आहे. तिच्या नंतरच्या प्रतिरूपांत पुढे निमुळत्या रुळांचे धारवे होते.

आवाजाची कारणे : पोलादाच्या कड्यावर एकाच जागी लाखो वेळा दाब पडून ते थकते व त्याच्या पृष्ठभागाचे बारीक पापुद्रे निघतात. वंगणात पाणी अथवा धूळ शिरणे, सील फाटणे, ग्रीस जुने होणे यांमुळे ही क्रिया फार लवकर होते. पावसाळ्यात तुंबा बुडेल इतक्या पाण्यातून नेलेल्या गाडीत हे विशेष आढळते. चाक खड्ड्यात जोरात आपटल्यास रुळांचे ठसे कड्यावर उमटतात. बरेच दिवस उभ्या असलेल्या गाडीच्या कड्यांवर गंजाच्या रेषा पडतात. अशा प्रत्येक खळग्यावरून रूळ जाताना आघात होतो. सु. २ मी. परिघाचे चाक ताशी ६० किमी. वेगाने सेकंदाला सु. ८ फेरे करते व प्रत्येक फेऱ्यात अनेक रूळ त्या खळग्यावरून जातात. म्हणून सुटे ठोके ऐकू न येता सलग घरघर ऐकू येते.

निदान : धारव्याचा आवाज चाकाच्या वेगाबरोबर चढतो-उतरतो, एंजिनाच्या वेगाबरोबर नव्हे. मोकळ्या, सुरक्षित रस्त्यावर त्याच वेगात गिअर बदलूनही घरघर तशीच राहिली, तर एंजिनावरचा संशय जातो. डांबरी रस्ता सोडून सिमेंटच्या रस्त्यावर येताच आवाज पालटला, तर दोष बहुधा टायरचा असतो. ॲक्सिलरेटर दाबताना व सोडताना वेगवेगळे ऐकू येणारे किंचाळणे सामान्यतः डिफरन्शियलच्या दात्यांचे असते. डावीकडे वळताना भार उजव्या चाकांवर येतो. त्या वेळी घरघर वाढली, तर उजव्या बाजूचा धारवा प्रथम तपासावा. ही खूण उपयुक्त असली, तरी निर्णायक नाही. गाडीचा पत्रा आवाज दूरवर वाहून नेतो आणि पुढच्या चाकाचा दोष मागच्या आसनाखाली ऐकू येतो. केवळ कानावर विसंबून धारवा मागविणे म्हणूनच खर्चाचे ठरते.

त्यानंतरची तपासणी गाडी उभी करून करतात. इतर चाकांना ठोकळे लावून गाडी जॅकने उचलावी व पक्क्या घोडीवर टेकवावी. नुसत्या जॅकवर ठेवू नये. चाक हाताने फिरवीत दुसरा हात तुंब्याजवळच्या स्थिर भागावर ठेवल्यास खरबरीतपणा बोटांना जाणवतो. बारीक दोष कानापेक्षा बोटांनाच आधी कळतो. नंतर चाक वर व खाली धरून हलवून पाहावे. खुळखुळ आढळल्यास दुसऱ्याला ब्रेक दाबून धरण्यास सांगावे. ती थांबली, तर ढिलाई धारव्यात आहे, तशीच राहिली, तर स्टीअरिंगच्या किंवा सस्पेन्शनच्या सांध्यांत आहे. किंचित ढिलाई निमुळत्या रुळांच्या धारव्यात मुद्दाम ठेवलेली असते. तेवढ्यावरून तो खराब ठरवू नये. उलट बऱ्याच धारव्यांत ढिलाई नसूनही घरघर असते.

बदलण्याची कृती : प्रथम ब्रेकचे शू ढिले करून तुंब्यावरची टोपी काढतात. बीटलमध्ये डाव्या टोपीतून वेगमापकाची तार जाते. तिची खीळ आधी काढावी लागते. शिवाय डाव्या टोकावरचे आटे उलटे असतात. हे ध्यानात न घेता पान्याला जोर लावल्यास आटे निकामी होतात. नट व त्याखालची चकती काढून ड्रम ओढला म्हणजे बाहेरचा धारवा हातात येतो. आतला सीलच्या मागे असतो. जुन्या ब्रेकच्या अस्तरात ॲस्बेस्टस असू शकते. त्याची धूळ फुंकून किंवा दाबाच्या हवेने उडवू नये, ओल्या फडक्याने पुसावी.

सर्व भाग रॉकेलने धुऊन पूर्ण वाळवितात. दाबाच्या हवेने धारवा गरगर फिरविण्याची अनेक कारागिरांची सवय धोक्याची आहे, कारण वंगणाविना फिरणारा धारवा खरचटतो आणि पिंजरा तुटून रूळ उडू शकतात. खळगे, पापुद्रे अथवा तापल्याने आलेली निळसर झाक आढळल्यास धारवा बदलावा. बाहेरचे कडे व रुळांचा भाग यांची जोडी नवीच हवी. जुन्या कड्यात नवे रूळ बसविल्यास ते थोड्याच दिवसांत बिघडतात. जुने कडे तुंब्यातून ठोकून काढताना घाव आलटूनपालटून समोरासमोरच्या बाजूंवर द्यावेत. नवे कडे बसविताना त्यावर जुने कडे ठेवून ठोकणे सोयीचे असते. कडे तळाला टेकताच हातोडीचा आवाज बदलतो. पिंजऱ्यावर किंवा रुळांवर घाव कधीही घालू नये. धारव्यांसाठीचे ग्रीस रुळांच्या फटींत तळहाताने दाबून भरतात. तुंबा मात्र ग्रीसने ठासून भरत नाहीत, कारण त्यामुळे उष्णता वाढते व जादा ग्रीस ब्रेकवर येते. सील नवेच घालावे.

सगळ्यात नाजूक काम नट जुळविण्याचे. ड्रम फिरवीत नट आवळतात, त्यामुळे रूळ आपापल्या जागी बसतात. मग तो सैल करून आसाच्या दिशेने ०·०३ ते ०·१२ मिमी. ढिलाई राहील असा बेताने जुळवितात. डायल मापक नसल्यास नटाखालची चकती पेचकसाच्या टोकाने हलक्या दाबात सरकते की नाही, ते पाहतात. हात जड असणाऱ्याला ती घट्टच बरी वाटते, आणि येथेच नवे धारवे जळतात. भार जादा पडून ग्रीस पातळ होते व वाहून जाते, आणि शेवटी रूळ कड्याला चिकटून आसाचे टोकही तुटू शकते. फार ढिले राहिल्यास चाक डुलते, सील गळते आणि रुळांवर आघात होतात. जुळवणी झाल्यावर नट पक्का अडकवून ठेवतात व थोडे अंतर गाडी चालवून ढिलाई पुन्हा तपासतात.

ही रीत सर्व जुन्या गाड्यांना लागू नाही. मॉरिस मायनरच्या पुढच्या तुंब्यात गोळ्यांचे धारवे व त्यांच्यामध्ये अंतर राखणारी नळी असते. तेथे नट पूर्ण आवळायचा असतो, ढिलाई ठेवायची नसते. बीटलच्या मागील चाकांची रचनाही वेगळी आहे. तेथे आसावरचा नट सु. ३०० न्यूटन-मीटर परिबलाने आवळतात. त्यासाठी लांब दांड्याचा पाना लागतो, आणि हा नट गाडी जमिनीवर असतानाच सोडवावा व आवळावा.