आजारी आईबापांच्या मुलांनी एकमेकांना शोधले पाहिजे

मनोरुग्णाच्या उपचाराविषयी हल्ली थोडेफार बोलले जाते. त्याच्या पत्नीविषयी, आईविषयी सहानुभूतीचे दोन शब्दही निघतात. परंतु ज्यांचे आई किंवा वडीलच मनोरुग्ण आहेत, ती मुले मोठी झाल्यावर कोणाशी बोलतात, कोणाच्या आधाराने उभी राहतात, याचा विचार कोण करतो? आम्ही त्या मुलांपैकीच एक आहोत, म्हणून हा विषय मांडणे आम्हाला आवश्यक वाटते.

आमच्या आईला स्किझोफ्रेनिया आहे. भिंतीपलीकडचे लोक आपल्याविरुद्ध कट करतात, असे तिला वाटे. नातेवाइकांनी भगत केला, गंडेदोरे केले. वस्तीने आम्हाला 'येडीची पोरं' हे नाव दिले. पुढे वकिलीची सनद मिळाली, तरी ते नाव लवकर पुसले गेले नाही. अशा घरातील मूल दहाव्या-बाराव्या वर्षीच आपल्या आईची आई होते. तिला गोळ्या देणे, धाकट्यांना जेवू घालणे, शेजाऱ्यांची समजूत काढणे ही त्याची कामे. ते मित्राला घरी आणत नाही. लग्नाचा विषय निघाला की गप्प बसते. आणि रात्री एकच प्रश्न त्याला छळतो : उद्या मलाही हेच होईल काय?

या प्रश्नाला शास्त्राजवळ उत्तर आहे. स्किझोफ्रेनिया सर्वसाधारणपणे शंभरात सुमारे एकाला होतो. आई किंवा वडील, यांपैकी एकाला तो असेल तर मुलांत हे प्रमाण शंभरात दहाच्या आसपास जाते. धोका वाढतो हे खरे. परंतु शंभरातील सुमारे नव्वद मुलांना हा आजार होत नाही, हेही तितकेच खरे. ही साधी गोष्ट आम्हाला तिशी उलटेपर्यंत कोणी सांगितली नव्हती. डॉक्टरांच्या समोर रुग्ण असतो. दाराशी केसपेपर धरून उभ्या असलेल्या मुलाला कोण विचारणार?

त्याला विचारू शकतो तो त्याच्यासारखाच दुसरा. ज्याचे जळते त्यालाच कळते. आपल्या समाजात 'मी आईला कंटाळलो' असे म्हणणे म्हणजे पाप. म्हणून मूल ते गिळते, मग स्वतःलाच दोष देते. हे वाक्य ज्याच्यासमोर बोलता येते आणि जो ते ऐकून दचकत नाही, तोच खरा सोबती. त्याच्याकडून व्यवहारही शिकता येतो. आईला आवाज ऐकू येतात तेव्हा वाद घालू नये, होकारही भरू नये. 'तुला भीती वाटते ना, मी इथेच आहे' एवढेच म्हणावे. हे आम्हाला अशाच एका समदुःखी माणसाने शिकविले.

हे केवळ स्वप्नरंजन नव्हे. 1997 साली डॉ. जगन्नाथ वाणी यांनी पुण्यात स्किझोफ्रेनिया अवेअरनेस असोसिएशन स्थापन केली. त्यांच्या स्वतःच्या घरात हा आजार होता. रुग्णांचे आणि नातेवाइकांचे स्वमदत गट या संस्थेने चालविले. परंतु पुण्यात जे झाले ते तालुक्याच्या गावी, कामगार वस्तीत का होऊ नये?

येथे कायद्याचाही आधार आहे, आणि तो एकमेकांना सांगितला पाहिजे. मानसिक आरोग्य सेवा कायदा 2017 साली झाला व 29 मे 2018 पासून लागू झाला. या कायद्याने रुग्णाला आपला नामनिर्देशित प्रतिनिधी नेमता येतो. प्रौढ मुलगा वा मुलगी असा प्रतिनिधी असेल, तर निदान आणि उपचार यांची माहिती मागण्याचा त्याला हक्क आहे. आजाराचे निदान झाले एवढ्यावरून कोणी विकृतचित्त ठरत नाही. ते ठरविण्याचा अधिकार सक्षम न्यायालयाचा आहे. 'आई वेडी आहे' म्हणून तिचा हिस्सा लाटू पाहणाऱ्या भावकीला हे ठणकावून सांगा. 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातही मानसिक आजाराचा समावेश आहे. चाळीस टक्के वा त्याहून अधिक दिव्यांगत्वाचे प्रमाणपत्र मिळाल्यास सवलतींचा मार्ग खुला होतो. घरात एकच मुलगी अविवाहित राहून सारे ओढते आणि भाऊ वेगळे राहून हिशेब विचारतात, अशी कुटुंबे आम्ही पाहिली आहेत. त्या मुलीला वकिलाआधी सोबत हवी असते.

ठाणे, येरवडा, नागपूर, रत्नागिरी येथील मनोरुग्णालयांच्या बाह्यरुग्ण विभागात एकाच बाकावर अशा दोन मुली शेजारी बसतात आणि न बोलता उठून जातात. त्यांनी बोलले पाहिजे. चार माणसे जमली तरी पुरे. महिन्यातून एक रविवार, समाजमंदिराची किंवा वाचनालयाची खोली. नियम तीनच : येथले बाहेर न्यायचे नाही, कोणाला उपदेश करायचा नाही, आणि डॉक्टरांना विचारल्याशिवाय औषध बंद करण्याचा सल्ला द्यायचा नाही. गट म्हणजे उपचार नव्हे. प्रसंग बिकट असेल तर टेलि-मानसच्या 14416 या क्रमांकावर दिवसरात्र मोफत बोलता येते, मराठीतूनही.

आईबापांचा आजार ही आपली चूक नव्हे आणि आपली लाजही नव्हे. त्यांना सांभाळताना आपण स्वतः संपून गेलो, तर उद्या त्यांना कोण सांभाळणार? तेव्हा आपल्या वस्तीतले दुसरे असे घर कोणते, हे आपणा सर्वांना ठाऊक असते. तेथे जा. दार वाजवा.