रिकाम्या बाटलीची विमानवारी

ओळख पाहू! पाण्याची रिकामी बाटली विमानात न्यायला चालते, पण भरलेली चालत नाही. का बरं?

थांब, थांब! उत्तराची घाई नको. आधी बॅग भरू.

समज, मे महिन्याच्या सुट्टीत तुला न्यूजर्सीच्या मावशीकडे जायचंय. मुंबईहून थेट विमान आहे. किती तास लागतात माहितेय? पंधरा-सोळा! शाळेचे तीन दिवस एकाला एक जोडले, तर जेवढा वेळ होईल तेवढा. आणि मधली सुट्टी नाहीच!

आता हातातल्या बॅगेत काय काय घ्यायचं? टूथपेस्ट, शाम्पू, आईचं क्रीम... अं हं! इथे एक नियम आहे. पातळ वस्तूची प्रत्येक बाटली 100 मिलिलिटरची किंवा त्याहून लहान हवी. 100 मिलिलिटर म्हणजे चहाचा एक छोटा कप. आणि अशा सगळ्या बाटल्या एकाच पारदर्शक पिशवीत मावल्या पाहिजेत. ती पिशवीही एक लिटरचीच!

गंमत पुढेच आहे. शाम्पूची बाटली 200 मिलिलिटरची आहे, पण तळाशी चमचाभरच शाम्पू उरलाय. चालेल का? नाही! तपासणारे बाटली केवढी आहे ते बघतात, आत किती उरलंय ते नाही.

आणि द्रव म्हणजे फक्त पाणी नव्हे हं! जे ओतता येतं, चोपडता येतं किंवा पिळून काढता येतं, ते सगळं इथे द्रवच. दही द्रव. आमरस द्रव. टूथपेस्टसुद्धा द्रव! लाडू मात्र ऐटीत आत जातो. त्याच्यासोबतच्या पातळ तुपाच्या बरणीला प्रवेश नाही.

एवढी कडक शिस्त का? 2006 सालच्या ऑगस्टमधली गोष्ट. काही माणसांनी शीतपेयाच्या बाटल्यांत स्फोटक द्रव भरून तो विमानात न्यायचा बेत केला होता. ब्रिटनच्या पोलिसांनी त्यांना आधीच पकडलं. पण मोठा प्रश्न उभा राहिला. बाटलीत पाणी आहे की आणखी काही, हे तपासणीच्या यंत्राला ओळखणं अवघड होतं. म्हणून मोठ्या बाटल्यांनाच मनाई झाली. लहान बाळाचं दूध आणि आजोबांचं औषध यांना मात्र सूट आहे. ते वेगळं काढून दाखवायचं, बस्स.

कळलं ना आता कोड्याचं उत्तर? रिकाम्या बाटलीत लपायला काही नसतंच मुळी! म्हणून युक्ती अशी. एक पातळ प्लॅस्टिकची बाटली घे. तपासणीच्या आधी ती पिऊन रिकामी कर. आत गेलं की पिण्याच्या पाण्याचा नळ शोध आणि ती काठोकाठ भर. तिला जपून ठेव हं. शेवटी ती तुला एक जादू दाखवणार आहे!

पण विमानात तर पाणी देतातच. मग एवढी धडपड कशाला?

सांगते. विमान जमिनीपासून साधारण 10 ते 12 किलोमीटर उंचीवरून उडतं. म्हणजे एव्हरेस्टपेक्षाही वरून! तिथे बाहेर किती थंडी असते? फ्रीजच्या बर्फाच्या कप्प्यात शून्याखाली 18 अंश असतात. विमानाबाहेर असतात शून्याखाली 50 अंशांच्या आसपास!

आणि इतकी गार हवा पाणी धरूनच ठेवू शकत नाही.

एक मोठ्ठा खोका डोळ्यांसमोर आण. एक मीटर लांब, एक मीटर रुंद, एक मीटर उंच. लपाछपीत दोघं-तिघं आत लपतील एवढा. मुंबईतल्या जुलै महिन्याची दमट हवा त्यात भरली, तर त्या हवेत पाच चमचे पाणी वाफ होऊन बसलेलं असतं. म्हणून तर युनिफॉर्म वाळत नाही! आता तोच खोका विमानाबाहेरच्या हवेने भर. पाणी किती? जेमतेम एक थेंब!

हीच कोरडी हवा आत घेतली जाते. आधी ती दाबतात. सायकलमध्ये हवा भरताना पंप गरम होतो ना? तशीच ही हवाही दाबल्यावर तापते. मग तिला थंड करून तुझ्यापर्यंत पोहोचवतात. ती असते स्वच्छ, पण असते अगदी सुकी. वाळवंटातली हवासुद्धा पुष्कळदा हिच्यापेक्षा दमट असते! आजीचे पापड इथे काय झकास वाळले असते!

मग विमानात जो थोडाफार ओलावा असतो, तो येतो कुठून? सांग बघू!

तुझ्या श्वासातून! शेजारच्या काकांच्या, मागच्या बाळाच्या, सगळ्यांच्याच श्वासातून आणि घामातून. मला ही गोष्ट फार आवडते. तीनशे माणसं एकमेकांसाठी हवा ओली करत असतात, आणि कुणाला पत्ताच नसतो!

पण तेवढ्याने भागत नाही. ओठ फुटतात, डोळे चुरचुरतात, घसा खरखरतो. आणि नाकात काय होतं? तिथे शेंबूड सुकतो!

शी म्हणू नकोस! शेंबूड हा तुझा पहारेकरी आहे. गुळाच्या ढेपेला माशी चिकटते ना, तसे धूळ आणि जंतू त्याला चिकटतात. मग डोळ्यांना न दिसणारे इवले इवले केस त्याला हळूहळू घशाकडे ढकलतात. तो सुकून घट्ट झाला, की केसांना तो हलवता येईना! पहारा ढिला पडतो.

म्हणून बाटली हवी हाताशी. सारखं कुणाला हाक मारायला नको. गटागटा नाही, थोड्या थोड्या वेळाने घोट घोट प्यायचं. ओठांना लावायला व्हॅसलिनची छोटी डबी तुझ्या पारदर्शक पिशवीत असू दे. आई कॉन्टॅक्ट लेन्स लावत असेल, तर तिला चष्मा घालायला सांग.

एवढं पाणी प्यायलं की काय होणार? शू लागणार! अरे, मग छानच की! त्या निमित्ताने तू उठणार. तासन् तास बसून राहिलं की रक्त पायातच रेंगाळतं. पायांकडून वर चढताना त्याला मदत करते तुझी पोटरी. चालताना पोटरी आवळते आणि आतल्या शिरांना दाबते. टूथपेस्टची ट्यूब दाबावी तशी! रक्त सुर्रकन वर. जागेवरून उठता येत नसेल, तर बूट काढ आणि पायाच्या अंगठ्याने हवेत बाराखडी गिरव. ‘क’पासून ‘कः’पर्यंत. मग दुसरा पाय!

आता चिवड्याचं बंद पाकीट बाहेर काढ. अरेच्चा, हे टम्म कसं फुगलं?

त्याचं असं आहे. विमानातली हवा जमिनीवरच्यापेक्षा विरळ ठेवलेली असते. साधारण 6,000 ते 8,000 फूट उंच डोंगरावर असते तेवढी. आपलं कळसूबाई शिखर किती उंच? 1,646 मीटर, म्हणजे 5,400 फूट. खुर्चीत बसल्या बसल्या तुझं शरीर महाराष्ट्रातल्या सगळ्यात उंच शिखराच्याही वर पोहोचलंय! बाहेरचा दाब कमी झाला, की पाकिटातली हवा पसरते. पोटातलीही पसरते बरं का! म्हणून सोड्याचं फसफसणारं पेय इथे नको.

विमान उतरू लागलं की हवा पुन्हा दाट होते, आणि कानाला दडा बसतो. कानाच्या आतून घशापर्यंत एक बारीक नळी जाते. गिळलं की ती उघडते. तोंडात लिमलेटची गोळी ठेव, जांभई दे, पाणी पी. फट्! कान मोकळा. बाळाला हे कोण सांगणार? म्हणून त्याची आई त्याला दूध पाजते. त्या दुधाला सूट दिली ते किती बरं झालं!

उतरायला तासभर असताना बाटलीतलं पाणी संपवून टाक. झाकण घट्ट लाव. आता तिच्यावर नजर ठेव.

विमान खाली, आणखी खाली... कुर्र! बाटली आपोआप चेपायला लागली! कुणी हातही लावला नाही. आत वरची विरळ हवा कोंडली गेलीय, आणि बाहेरची दाट हवा तिला चहूबाजूंनी दाबतेय.

झाकण मुळीच उघडू नकोस. मावशी भेटली की बाटली तिच्या कानाशी ने आणि मगच उघड. फुस्स! न्यूजर्सीची हवा आत शिरली.